अठरा तासांचं चित्र पाव सेकंदात: जिवंत पेशी न रंगवता, वेगाने कशा पाहाव्यात

एक हिशोब आधी मांडू. २५६ गुणिले २५६ पिक्सेलच्या चित्रात ६५,५३६ ठिपके असतात. साध्या रामन सूक्ष्मदर्शकावर, म्हणजे रेणूंची कंपनं प्रकाशातून वाचणाऱ्या यंत्रावर, जिवंत पेशीच्या प्रत्येक ठिपक्याला एक सेकंद दिला, तर चित्र पुरं व्हायला अठरा तास बारा मिनिटं लागतात. सकाळी आठला पोहे-जिलबी खाऊन स्कॅन लावलं, तर ते संपतं तेव्हा इंदूरच्या सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीचे दुकानदार आवराआवर करत असतात. तेवढ्या वेळात हेला पेशी (प्रयोगशाळांत सर्रास वाढवतात ती) जवळजवळ एकदा विभागते. म्हणजे चित्राचा वरचा काठ एका पेशीचा आणि खालचा काठ तिच्या लेकींचा!

तोच ठिपका चार मायक्रोसेकंदांत आटोपला, तर चित्र ०.२६ सेकंदात हातात. या दोन आकड्यांच्या मधलं अंतर कसं कापायचं, ते इथे पायरीपायरीने लिहितो. इंदुरात जीवशास्त्रात एम.एस्सी. करणारी, पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात चाचपडणारी मराठी मुलंमुली माझ्याकडे येतात आणि हमखास विचारतात, "सर, जास्त पॉवरचा लेसर मिळाला की वेग वाढेल ना?" पॉवर वाढवली की पेशी लवकर मरतात, एवढंच. वेग येतो तो काय मोजायचं नाही, हे ठरवल्यावर.

हे काम मुळात मंद का आहे

पेशीला रंग लावला की ती छान चमकते, पण रंगाचा रेणू काही पाहुण्यासारखा कोपऱ्यात बसून राहत नाही. कोलेस्टेरॉल किंवा ग्लुकोजसारख्या छोट्या रेणूला तेवढ्याच आकाराचा चमकणारा तुकडा चिकटवला, तर त्याचं वागणंच बदलतं. शिवाय रंग प्रकाशात विटतो. म्हणून रेणूंची स्वतःची कंपनं पाहायची. प्रत्येक रासायनिक बंध ठरावीक वारंवारतेने कंप पावतो, आणि तीच त्याची ओळख.

कोलकात्यात २८ फेब्रुवारी १९२८ रोजी सी. व्ही. रामन आणि के. एस. कृष्णन यांनी पाहिलं ते हेच: विखुरलेल्या प्रकाशातला अगदी थोडा भाग रंग बदलून बाहेर पडतो, आणि तो फरक म्हणजे रेणूच्या कंपनाची ऊर्जा. अडचण त्या 'अगदी थोडा' मध्ये आहे. साधारण कोटीभर फोटॉन आत गेले, तर एखादा असा रंग बदलून येतो. म्हणून एकेका ठिपक्यावर सेकंदभर वाट पाहायची वेळ येते.

वाट पाहायची नसेल तर दोन लेसर लागतात. दोन तंबोऱ्यांच्या तारा किंचित वेगळ्या लागल्या की त्यांच्या फरकाचे ठोके कानाला जाणवतात. इथेही तसंच: पंप आणि स्टोक्स असे दोन किरण एकाच ठिपक्यावर, एकाच क्षणी टाकायचे, आणि त्यांच्या वारंवारतांमधला फरक बंधाच्या कंपनाइतका ठेवायचा. सूर जुळला की पंपमधला थोडा प्रकाश कमी होतो आणि स्टोक्समध्ये तेवढा वाढतो. याला उद्दीपित रामन प्रकीर्णन म्हणतात. बोलताना सगळे 'एसआरएस'च (स्टिम्युलेटेड रामन स्कॅटरिंग) म्हणतात, मीही तेच म्हणेन. हा परिणाम १९६२ साली माणिक लेसरवर काम करताना नजरेस आला. त्यावर चालणारा सूक्ष्मदर्शक मात्र २००७-०८ मध्ये तयार झाला, आणि २०१० मध्ये तो व्हिडिओच्या वेगाला पोचला.

पहिली पायरी: यंत्राकडे जाण्याआधी कागदावर

कंपनांचं माप तरंगसंख्येत देतात, एकक प्रति सेंटीमीटर. पुढे मी नुसता आकडा लिहितो. कागदावर तीन पट्टे आखा. ४०० ते १८०० हा बोटांच्या ठशांचा भाग: इथे रेणूरेणूंतला फरक कळतो. फेनिलअ‍ॅलनीन हे अमिनो आम्ल १००४ ला, प्रथिनांचा अमाइड बंध १६५५ च्या आसपास, हाडातलं फॉस्फेट ९६० ला. पण इथला सिग्नल दुबळा. १८०० ते २७०० हा शांत पट्टा, पेशी इथे जवळपास गप्प असते. आणि २८०० ते ३००० हा कार्बन-हायड्रोजन बंधांचा गजबजाट: सिग्नल दांडगा, पण सगळ्यांचा आवाज एकमेकांत मिसळलेला.

आता स्वतःला विचारा, मला नेमकं काय हवंय? पेशीत चरबीचे थेंब किती, कुठे, कसे हलतात, एवढंच हवं असेल तर संपूर्ण वर्णपट घेणं म्हणजे पावशेर साखरेसाठी इंदूरच्या सियागंज बाजारातलं अख्खं गोदाम तोलणं. दोनच आकडे पुरतात: २८५० ला चरबी आणि २९३० ला मुख्यतः प्रथिनं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशाच दोन चित्रांवरून मेंदूच्या गाठींचं निदान करून पाहिलं होतं. शस्त्रक्रियागृहाशेजारीच ऊतीचा ताजा तुकडा न रंगवता पाहिला गेला, संगणकाने अडीच मिनिटांच्या आत उत्तर दिलं, आणि २७८ रुग्णांमध्ये त्याची अचूकता ९४.६ टक्के आली. नेहमीच्या पद्धतीने काम करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टांची ९३.९ होती. हे फक्त दोन तरंगसंख्यांच्या जोरावर.

दुसरा प्रश्न: किती वेग पुरेसा? पेशीतले चरबीचे थेंब सूक्ष्मनलिकांवरून, म्हणजे पेशीतल्या रुळांवरून, सेकंदाला साधारण एक मायक्रॉन धावू शकतात. तुमच्या भिंगाला ०.३ मायक्रॉनपर्यंतचं बारीक दिसतं, असं धरा. मग थेंब ०.३ मायक्रॉन सरकायच्या आत चित्र संपायला हवं, म्हणजे ०.३ सेकंदात. वर आलेले ०.२६ सेकंद इथे बसतात. त्याहून वेगाची हौस असेल तर करा, पण त्याची किंमत नॉइजमध्ये, म्हणजे चित्रातल्या खरखरीत, मोजावी लागेल.

पिक्सेलच्या मापाकडे लोक दुर्लक्ष करतात. ०.३ मायक्रॉन दिसणाऱ्या भिंगाला ०.१५ मायक्रॉनचा पिक्सेल पुरतो. 'जरा स्पष्ट दिसू दे' म्हणून ०.०७५ केला, तर तेवढ्याच जागेला चौपट वेळ जातो आणि तपशील काडीचाही वाढत नाही. मी पाहिलेल्या निम्म्या तरी मंद चित्रांचं दुखणं हेच होतं.

दुसरी पायरी: कोणत्या यंत्रावर

एसआरएसची तयार यंत्रणा कोटींच्या घरात जाते. इंदूर लेसरचं गाव आहे खरं. आज राजा रामण्णांच्या नावाने चालणारं प्रगत तंत्रज्ञान केंद्र इथे १९८४ पासून आहे, सिमरोलला आयआयटी आहे. पण हवं ते यंत्र आपल्याच विभागात असेल, ही आशा सोडा. केंद्र सरकारचं आय-स्टेम पोर्टल उघडा, देशभरातल्या संस्थांची उपकरणं तिथे शोधता आणि आरक्षित करता येतात. मागणी करताना 'रामन' एवढंच लिहू नका. दोन लेसरांचं यंत्र हवं की एका लेसरचं, ते स्पष्ट लिहा. नाहीतर रात्रभर गाडीत बसून पोचाल आणि समोर साधा वर्णपटमापक निघेल.

साधा रामनच हाताशी असेल तरी रडू नका. चित्र काढायचा हट्ट सोडा. वीस पेशी निवडा, प्रत्येकीत पाच ठिपके, प्रत्येकी एक सेकंद: शंभर सेकंदांत शंभर वर्णपट. 'औषध दिल्यावर चरबी वाढली का', या प्रश्नाचं उत्तर यातून मिळतं. ७८५ नॅनोमीटरऐवजी ५३२ चा लेसर वापरला, तर तरंगलांबी कमी होईल तसं विखुरणं तिच्या चौथ्या घाताने वाढत असल्यामुळे सिग्नल साधारण पावणेपाच पट होतो. मात्र हिरव्या प्रकाशात पेशीची स्वतःची चमकही उसळते आणि इजाही जास्त होते. तेव्हा आधी एका पेशीवर करून पाहा. ठिपक्याऐवजी रेषेवर लेसर पसरवणारी सोय यंत्रात असेल तर ती जरूर वापरा, एका फटक्यात शेकडो वर्णपट मिळतात.

आणखी एक मार्ग म्हणजे मध्य-अवरक्त प्रकाश-औष्णिक सूक्ष्मदर्शन. बंधाने अवरक्त प्रकाश शोषला की तिथे अंशभरापर्यंत ऊब येते, अपवर्तनांक किंचित बदलतो, आणि तो बदल हिरव्या किरणाने वाचायचा. अवरक्त किरण वापरूनही बारकावा दृश्य प्रकाशाचा मिळतो. २०१६ मध्ये ही पद्धत जिवंत पेशींवर दाखवली गेली. नंतर कॅमेऱ्यावर अख्खं क्षेत्र एकदम घ्यायची सोय झाली, म्हणजे ठिपक्याठिपक्याने फिरणं संपलं. बोटांच्या ठशांच्या भागात ही पद्धत एसआरएसपेक्षा सरस वाटते मला. पण नेहमीची काच अवरक्त गिळते, तिथे कॅल्शियम फ्लुओराइड लागतं. आणि पाण्याचं स्वतःचं शोषण १६४० च्या आसपास येतं, नेमकं अमाइडच्या उरावर. म्हणून लोक जड पाण्यात काम करतात.

पुढचं सगळं एसआरएस धरून.

तिसरी पायरी: नमुना

एसआरएसमध्ये प्रकाश नमुन्यातून आरपार जाऊन पलीकडे मोजला जातो. वरून भिंग, खालून आरपार आलेला प्रकाश गोळा करणारा कंडेन्सर, दोघंही नमुन्याला खेटून. त्यामुळे प्लॅस्टिकच्या तळाची डिश चालत नाही. प्लॅस्टिक स्वतःच कार्बन-हायड्रोजन बंधांनी भरलेलं असतं. पेशी ०.१७ मिलिमीटर जाडीच्या, म्हणजे दीड नंबरच्या कव्हरस्लिपवर (पातळ काचेवर) वाढवा, आणि शक्यतो चौकटी कोरलेल्या कव्हरस्लिपवर. कारण शेवटच्या पायरीत कळेल. मग पातळ स्पेसर ठेवून दुसऱ्या कव्हरस्लिपने सँडविच करा.

माध्यम बदला. फिनॉल रेड हा रंग नको, सीरम नको. सीरममधली प्रथिनं आणि चरबी पार्श्वभूमीला धुकं आणतात. बाहेर कार्बन डायऑक्साइडचा पुरवठा नसतो, म्हणून हेपेस घातलेलं बफर. बुडबुडा राहू देऊ नका. एवढ्याशा बुडबुड्यावर लेसर गेला की पडद्यावर दिवाळी होते.

जिवंत ऊतीचा तुकडा असेल तर जाडी पाहा. आरपार मोजायचं तर पातळ काप हवा. जाड तुकड्यात परत फिरून येणारा प्रकाश भिंगाच्या बाजूनेच टिपायची सोय लागते.

पहिल्या दिवशी मौल्यवान पेशी आणूच नका. दुधाचा थेंब आणा. होमोजनाइज न केलेलं, ओळखीच्या गवळ्याकडचं. त्यात चरबीच्या गोळ्याही असतात आणि प्रथिनंही, आणि गोळ्या आपोआप थरथरतात. पाण्यात एक मायक्रॉनची गोळी सेकंदाभरात साधारण मायक्रॉनभर इकडेतिकडे सरकते. स्कॅन मंद असेल तर गोल गोळ्या कापल्यासारख्या, वरचा अर्धा इथे आणि खालचा अर्धा तिथे, अशा दिसतात. वेगाची याहून स्वस्त परीक्षा मला माहीत नाही. दुधानंतर बेकरीचं यीस्ट, आणि मग खऱ्या पेशी.

चौथी पायरी: दोन किरण जुळवणं

इथे मात्र घाई नको. आधी हिशोब. स्टोक्स १०३१ नॅनोमीटरचा असेल तर पंप किती ठेवायचा? एक कोटीला नॅनोमीटरने भागा: १,००,००,००० भागिले १०३१ म्हणजे ९६९९. त्यात २८५० मिळवा, १२,५४९. पुन्हा एक कोटीला याने भागा: ७९६.९ नॅनोमीटर. २९३० साठी तेच केलं की ७९१.८ येतात. हा कागद टेबलाला चिकटवून ठेवा.

उघड्या किरणाजवळ जाण्याआधी घड्याळ, अंगठ्या, बांगड्या काढा. मंगळसूत्र ओढणीच्या आत. या तरंगलांबी डोळ्याला जवळपास दिसतच नाहीत, आणि चकचकीत धातूवरून उडालेला किरण कुठे जाईल याचा नेम नसतो. दोन्ही तरंगलांबी अडवणारा चष्मा हवा. एकीपुरता घालून बसणारे मी पाहिलेत. आणि लेसर तासभर तापू द्या. मे महिन्यात बाहेर पारा चाळिशीपार असतो, एसी मध्येच बंद पडला तर आरशांची जुळवणी दुपारपर्यंत सरकलेली असते. खोलीचं तापमान वहीत लिहायची सवय लावा.

जागेची जुळवणी सोपी: दोन लहान छिद्रांतून दोन्ही किरण नेमके आरपार गेले पाहिजेत. वेळेची जुळवणी अवघड. दोन्ही लेसर सेकंदाला आठ कोटी झटके देतात, प्रत्येक झटका दोनेक पिकोसेकंदांचा. पिकोसेकंदात प्रकाश ०.३ मिलिमीटर जातो. एक झटका दुसऱ्यापेक्षा मिलिमीटरभर लांबून आला, तर दोघांची गाठच पडत नाही. म्हणून एका किरणाच्या वाटेत सरकणारा आरसा असतो. तो जाऊन परत येणारा मार्ग असल्यामुळे आरसा ०.१५ मिलिमीटर सरकला की एक पिकोसेकंदाचा फरक पडतो.

जुळवणीसाठी पुस्तकं डीएमएसओ हा द्रव सांगतात, आणि ते योग्यच आहे. त्याची शिखरं २९१३ आणि २९९५ ला ठळक असतात. एकदा मात्र आमच्याकडची बाटली संपलेली, वेळ संध्याकाळची, आणि एक विद्यार्थिनी दुसऱ्या दिवशीच्या गाडीने परत जाणार. टेबलावर शेवेची पुडी होती. तिने पुडीचा तेलकट कागद दोन कव्हरस्लिपांमध्ये दाबून घेतला, कागद काढला, काचेवर तेलाचा पुसट थर राहिला. पंप ७९७ वर. मी आरशाचा स्क्रू फिरवत होतो, ती पडद्याकडे पाहत होती. काळं. अजून काळं. "सर, थांबा. जरा मागे." मागे घेतलं तर करड्या रंगाचं एक बेट उगवलं, आणखी दोन हलक्या वळणांत ते पांढरंशुभ्र झालं, आणि त्यात तेलाच्या काठाला अडकलेला बेसनाचा कणही दिसला. तेल म्हणजे सगळी चरबीच, २८५० ला त्याच्याइतकं बोलकं काही नाही. तेव्हापासून ती पुडी आमच्या प्रयोगशाळेत अधिकृत उपकरण आहे. अर्थात खायची पुडी वेगळी. लेसरच्या टेबलावरचं काही खायचं नाही.

पाचवी पायरी: शक्तीची वाटणी आणि लॉक-इन

पंपमध्ये होणारी घट फार छोटी असते, दहा हजारात एक भाग ते दहा लाखात एक भाग. ती सरळ दिसणं शक्य नाही. म्हणून स्टोक्स सेकंदाला दोन कोटी वेळा चालू-बंद करतात, आणि लॉक-इन अ‍ॅम्प्लिफायर पंपमधला नेमका त्याच तालाचा चढउतार वेगळा काढतो. एवढ्या वरच्या वारंवारतेला लेसरचा स्वतःचा डळमळीतपणा कमी असतो, हा त्यातला फायदा.

लॉक-इनचा कालस्थिरांक, म्हणजे तो साधारण किती वेळाची सरासरी घेतो ते, पिक्सेलच्या वेळेपेक्षा लहान हवा. पिक्सेलला चार मायक्रोसेकंद असतील तर एक-दोन मायक्रोसेकंद ठेवा. वीस ठेवलात, तर नॉइज कमी दिसून तुम्ही खूश व्हाल, पण प्रत्येक थेंबाला स्कॅनच्या दिशेने शेपूट फुटेल.

आता वाटणी, आणि ही गोष्ट मला स्वतःला कळायला फार उशीर लागला. सिग्नल दोन्ही शक्तींच्या गुणाकाराने वाढतो. नॉइज, यंत्र नीट असेल तर, पंपच्या वर्गमुळाने वाढतो, कारण मोजत आपण पंपच असतो. म्हणजे सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर स्टोक्सच्या सरळ प्रमाणात, पंपच्या फक्त वर्गमुळाच्या प्रमाणात. एकूण ६० मिलिवॅट द्यायचे ठरले तर ४० स्टोक्सला, २० पंपला द्या. उलटी वाटणी केली, ४० पंपला आणि २० स्टोक्सला, तर गुणोत्तर १.४ पटीने घसरतं. तेवढंच चित्र मिळवायला दुप्पट वेळ लागतो. शिवाय आखूड तरंगलांबीचा पंप पेशीला जास्त जाचतो, तोच कमी झाला. फुकटात दुप्पट वेग देणारी दुसरी कोणतीही युक्ती मला ठाऊक नाही.

पण हे 'यंत्र नीट असेल तर' तपासायचं कसं? नमुना काढा, स्टोक्स अडवा, पंप चौपट करा आणि लॉक-इनवरचा नॉइज पाहा. दुप्पट झाला तर उत्तम, तो प्रकाशाचा स्वाभाविक नॉइज आहे. चौपट झाला तर लेसरच गोंगाट करतोय. फायबर लेसरांत हे नेहमीचं, तिथे लेसरचा गोंगाट वजा करणारा संतुलित डिटेक्टर लागतो. अजिबात बदलला नाही तर इलेक्ट्रॉनिक्सचा नॉइज वरचढ आहे, मग पंप फार कमी पोचतोय. ही पाच मिनिटांची चाचणी न करता महिनोन्‌महिने लेसरला शिव्या देणारे लोक आहेत. मीही त्यातलाच होतो.

किरण फिरवणारे आरसे साधे गॅल्व्हो (विजेच्या इशाऱ्यावर वळणारे) असतील तर ५१२ गुणिले ५१२ चं चित्र सेकंदाच्या आसपास. सेकंदाला आठ हजार वेळा एकाच ठेक्यात झुलणारा रेझोनंट आरसा असेल, तर ५१२ ओळींची सेकंदाला तीसेक चित्रं होतात. मात्र तेव्हा पिक्सेलला शंभर नॅनोसेकंद उरतात, म्हणजे दोन कोटींच्या तालात जेमतेम दोन ठोके. एवढ्यावर पेशीतला ठळक चरबीचा थेंब दिसतो, बाकी काही नाही. अशा वेळी सेकंदाला तीस चित्रं घेऊन दहा-दहांची सरासरी काढा. एका ठिकाणी लेसर रेंगाळत नाही, उष्णता पसरून जाते, आणि पेशी त्याच एकूण मात्रेला जास्त तग धरतात.

सहावी पायरी: हे खरंच रामन आहे का

चित्र सुंदर आलं की संशय घ्या. तांबड्या रक्तपेशी आणि मेलॅनिन प्रकाश शोषून जवळपास सगळीकडे चमकतात, त्यांना रामनशी देणंघेणं नसतं. अपवर्तनांक बदलतो तिथे, म्हणजे थेंबांच्या काठांवर, खोट्या कडा येतात.

तीन चाचण्या. पंप सरकवून शांत पट्ट्यात जा, २४०० च्या आसपास. तिथे जे उरलं ते रामन नाही. मग मूळ जागी परत या आणि आरसा हलवून झटक्यांत दहा पिकोसेकंदांचं अंतर पाडा. रामन तत्काळ विझतो, उष्णतेचा परिणाम रेंगाळतो. शेवटी स्टोक्स अडवा, सगळं काळं व्हायला हवं. कडांचा खोटेपणा टिकला तर कंडेन्सर पाहा: त्याचं न्यूमरिकल अ‍ॅपर्चर (किती तिरका प्रकाश गोळा होतो त्याचं माप) भिंगापेक्षा जास्त हवं. भिंग १.२ चं आणि कंडेन्सर ०.९ चा, हे लग्न टिकत नाही.

सातवी पायरी: दोन चित्रांतून चरबी आणि प्रथिन

२८५० चं चित्र शुद्ध चरबीचं नसतं, २९३० चं शुद्ध प्रथिनांचं नसतं. शुद्ध तेल आणि अल्ब्युमिनचं द्रावण, दोन्हींचं मोजमाप दोन्ही ठिकाणी घ्या. चार आकडे मिळतात, त्यांतून प्रत्येक पिक्सेलला दोन समीकरणं दोन अज्ञातं, शाळेतलं गणित. आधी नुसत्या बफरचं चित्र वजा करायला विसरू नका, पाण्याच्या रुंद शिखराचं शेपूट २९३० पर्यंत पोचतं.

घोळ होतो तो वेळेत. एक चित्र घेतलं, पंप बदलला, दहा सेकंद गेले, दुसरं घेतलं. तोवर थेंब हलले. मग हिशोबात एकाच थेंबाच्या एका बाजूला चरबी आणि दुसऱ्या बाजूला 'उणे चरबी' निघते. उपाय म्हणजे ओळीगणिक तरंगसंख्या बदलणं. फेम्टोसेकंद लेसर असेल तर काचेच्या लांब दांड्यांतून झटके ताणता येतात. मग पंपची तरंगलांबी तशीच ठेवून फक्त वेळेचा आरसा हलवला की तरंगसंख्या बदलते. लेसर पुन्हा सुरात लावण्यापेक्षा आरसा हलवणं कितीतरी झटपट होतं. तेवढीही सोय नसेल तर २८५०, २९३०, पुन्हा २८५० असं घ्या आणि दोन टोकांची सरासरी वापरा. जुगाड आहे, पण हळू चालणाऱ्या पेशींत चालतो.

नॉइज पुसायला आता न्यूरल नेटवर्क सर्रास वापरतात, आणि त्याने कमी शक्तीत, कमी वेळात काम होतं हे खरं. शिकवायला एकाच जागेच्या जोड्या लागतात: एक घाईचं चित्र, एक सावकाशीचं. पण यीस्टवर शिकलेलं नेटवर्क यकृताच्या पेशींवर लावू नका. त्याला जे ठाऊक आहे ते ते सगळीकडे पाहतं, आणि जिथे थेंब नाही तिथे गोल गोजिरा थेंब काढून देतं. कच्ची चित्रं कधीही पुसू नका. मोजणी दोन्हींवर करा आणि आकडे जुळतात का पाहा.

आठवी पायरी: दुसऱ्या दिवशी

पेशी जिवंत आहेत हे स्कॅन चालू असताना कळत नाही. फुगे, अचानक चमकणारे ठिपके, फुटणारे थेंब दिसले तर त्या नक्कीच गेल्या. पण काही न दिसणं म्हणजे त्या ठीक आहेत असं नव्हे. म्हणून चौकटींची कव्हरस्लिप. कोणत्या चौकटीवर किती शक्ती, किती वेळ, ते वहीत लिहा, आणि शेजारची एक चौकट अजिबात लेसर न देता सोडा. काम झाल्यावर कव्हरस्लिप ताज्या माध्यमात परत ठेवा. चोवीस तासांनी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही चौकटींतल्या पेशी मोजा.

त्या विद्यार्थिनीने गाडी चुकवली आणि हे केलं. ६० मिलिवॅटची चौकट शेजारच्यासारखीच भरली होती. ९० ची चौकट स्कॅनच्या वेळी अगदी व्यवस्थित दिसली होती, चित्रही सगळ्यांत सुरेख तिथलंच. दुसऱ्या दिवशी तिथे एकही पेशी विभागलेली नव्हती. तिने ते सुरेख चित्र वेगळ्या फोल्डरमध्ये टाकलं, आणि ६० वालं, जरा खरबरीत, प्रबंधात घेतलं.